शर्यतीच्या स्केटिंगमधून रोलर हॉकीकडे

माझ्या पाहण्यात रोलर हॉकीकडे वळणारी बहुतेक मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत. ती शर्यतीच्या स्केटिंगमधून येतात. त्यांचा तोल पक्का असतो, वेग चांगला असतो आणि पालकांची समजूत अशी असते की आता हाती स्टिक दिली की काम झाले. प्रत्यक्षात पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक धडपडतात ती हीच मुले. शर्यतीत धावपट्टी नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने कापायची असते, त्यामुळे त्यांना डावीकडे वळणे झोपेतही जमते आणि उजवीकडे वळताना मात्र पाय पायात अडकतो. शिवाय शर्यतीत मध्येच थांबण्याचे कारणच पडत नाही, आणि हॉकीत तर दर काही क्षणांनी थांबावे लागते, वळावे लागते, पुन्हा सुटावे लागते.

सामान घेण्यापूर्वी एक गोष्ट प्रशिक्षकांना अवश्य विचारावी, ती म्हणजे आपल्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावर, कोणता खेळ चालतो. क्वाड स्केट्सवर, म्हणजे दोन पुढे आणि दोन मागे अशा चार चाकांवर खेळली जाणारी रिंक हॉकी वेगळी, आणि एका रांगेतल्या चाकांवरची इनलाइन हॉकी वेगळी. पहिलीत कडक चेंडू आणि आखूड, वाकड्या टोकाची स्टिक असते. दुसरीत चेंडूऐवजी पक, म्हणजे चपटी चकती, आणि आइस हॉकीसारखी लांब स्टिक असते. दोन्हींत प्रत्येक संघाचे चार खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात. स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि अर्जेंटिना या देशांत रिंक हॉकीची परंपरा मोठी आहे, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून खेळवली गेली होती. आपल्याकडे दोन्ही प्रकार खेळले जातात, पण एकाचे सामान दुसऱ्याला चालत नाही.

तंत्राची सुरुवात उभे राहण्यापासून होते. पाय खांद्यांइतके रुंद, गुडघे इतके वाकलेले की खाली पाहिल्यावर बुटाचे टोक गुडघ्याआड जावे, कंबर खाली आणि मान वर. नवखा खेळाडू गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकतो आणि चेंडूकडे टक लावून पाहतो. त्याला समोरून येणारा खेळाडू दिसत नाही आणि हलका धक्का लागला तरी तो पुढे कोसळतो. शर्यतीतला लांब, ऐसपैस ढकल इथे फारसा उपयोगी पडत नाही. दोन्ही हात स्टिकवर असल्यामुळे हात झुलवून वेग घेता येत नाही, म्हणून पहिली तीन-चार पावले आखूड आणि झपाझप टाकावी लागतात, आणि प्रत्येक ढकलीनंतर पाय पुन्हा शरीराखाली आणावा लागतो, कारण पुढच्याच क्षणी दिशा बदलायची असू शकते.

थांबण्याचा सराव मी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त करून घेतो, अगदी मुले कंटाळेपर्यंत. मागचा पाय आडवा करून घासत थांबण्याची पद्धत शिकायला सोपी असली तरी तिने एकाच पायाच्या चाकांची झीज होते आणि थांबेपर्यंत खेळ पुढे निघून गेलेला असतो. तिच्यावर फार काळ रेंगाळू नये. इनलाइनवर खरा आधार म्हणजे घट्ट वळण. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा पाय पुढे, डावा त्याच्या मागे, दोन्ही गुडघे वाकलेले आणि दोन्ही स्केट्स उजवीकडे कललेले. मात्र आधी डोके, मग खांदे आणि स्टिक वळली पाहिजे, पाय आपोआप मागे येतात. दोन्ही पाय आडवे फेकून घसरत थांबणे दिसायला झोकदार असते, पण त्यासाठी चाके किंचित घसरावी लागतात, आणि खडबडीत सिमेंटवर ती घसरण्याऐवजी अडकतात व खेळाडू पलीकडे फेकला जातो. क्वाडवर पुढचा रबरी टो-स्टॉप हे मोठे वरदान आहे: अर्धी गिरकी घेऊन उलटे व्हायचे, टो-स्टॉपवर टेकायचे आणि त्याच टो-स्टॉपच्या रेट्याने उलट दिशेला सुटायचे. उलटे स्केटिंग दोन्ही प्रकारांत लागते. त्यात पाय उचलायचा नसतो, जमिनीवर अर्धवर्तुळ काढत ढकलायचे असते. हे सारे आधी स्टिकविना, मग स्टिकसह आणि शेवटी चेंडूसह, आणि दर वेळी अवघड बाजूने जास्त करावे. शर्यतीतून आलेल्यांची अवघड बाजू म्हणजे उजवी.

आता सामान. माझे स्पष्ट मत असे की हातात मोजके पैसे असतील तर ते बुटांवर घालावेत आणि बाकी सर्व साधे घ्यावे. ‘पाय वाढतोय’ म्हणून दोन मापे मोठा बूट घेण्याची आपली घरगुती काटकसर शाळेच्या बुटांत खपून जाते, स्केट्समध्ये नाही, कारण टाच आत उचलली गेली की पायाने केलेला झुकाव चाकांपर्यंत पोचतच नाही. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरावीत, हे योग्य माप; ते पातळ मोजा घालून पाहावे. शर्यतीचा बूट घोट्याखाली कापलेला असतो, त्याची फ्रेम, म्हणजे चाके बसवलेली पट्टी, लांब आणि चाके १०० किंवा ११० मिलिमीटरची असतात. सरळ रेषेत ती अप्रतिम पळते, पण आखूड वळण घ्यायला राजी होत नाही. हॉकीचा इनलाइन बूट घोट्याला आधार देणारा असतो आणि त्याची चाके साधारणतः ७६ ते ८० मिलिमीटरची असतात. काही फ्रेमवर पुढची दोन लहान व मागची दोन मोठी असतात, त्यामुळे वजन पुढच्या चवड्यांवर येते.

चाकांच्या कडकपणाकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही. त्यावरचा आकडा जितका मोठा तितके चाक कडक. आतल्या गुळगुळीत फरशीवर ७४ए ते ७८ए अशी मऊ चाके पकड देतात, पण तीच बाहेरच्या सिमेंटवर खडू झिजावा तशी झिजतात. तिथे ८२ए ते ८५ए घ्यावीत. क्वाडच्या चाकांचे आकडे बहुधा याहून वरचे असतात, ते इनलाइनशी ताडून पाहू नयेत. आतली कड झिजू लागली की चाके उलटी करून जागा बदलाव्यात. बेअरिंगवरच्या एबेक आकड्यामागे नवख्याने धावू नये. तो आकडा घडणीतल्या अचूकपणाचा असतो, आणि आपल्याकडे बेअरिंग संपते ते धुळीने आणि पावसाच्या पाण्याने. ओल्या रिंकवर तसेही उतरू नये.

स्टिकबद्दल थोडक्यात सांगतो. मैदानी हॉकीची स्टिक इथे आणू नये, कारण तिची एकच बाजू सपाट असते, तर रिंक हॉकीच्या स्टिकच्या दोन्ही बाजू सपाट असतात आणि दोन्हींनी खेळता येते. इनलाइनची स्टिक स्केट्स घालून उभे राहिल्यावर साधारण हनुवटीपर्यंत यावी. लांब वाटल्यास वरून कापता येते.

संरक्षक साहित्यात तडजोड नको. रिंक हॉकीचा चेंडू सुमारे १५५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या जवळपास जाणारा असतो, आणि तो नडगीवर बसला की कळते. गुडघ्याचे व नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, बोटे झाकणारे हातमोजे आणि जाळी असलेले हेल्मेट हवेच. सायकलचे हेल्मेट चालणार नाही. मुलग्यांनी क्रिकेटचा गार्ड वापरला तरी भागते. गोलरक्षकाचे सामान मात्र महाग आणि अवजड असते, त्यामुळे मूल त्या जागेवर खरोखर रमते की नाही हे क्लबच्या सामानावर पाहून मगच ते विकत घ्यावे.