पावसाळ्यानंतर गाडीची सखोल स्वच्छता

पावसाळा संपल्यावर गाडीला चकाकीपेक्षा कोरडेपणाची गरज जास्त असते, असे माझे ठाम मत आहे. एरवी गाडी धुताना आपण डोळ्यांना दिसणारा भाग स्वच्छ करतो. पण चिखल, कुजलेली पाने आणि ओल मॅटखाली, दारांच्या पोकळीत, बोनेटच्या कडेला आणि मडगार्डच्या आत मुरून राहते, आणि गंजाची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. म्हणून कडक ऊन पडू लागले की मी एक पूर्ण दिवस याच कामासाठी राखून ठेवते आणि बाहेरून पाणी मारण्याआधी गाडीच्या आतल्या भागापासून सुरुवात करते.

प्रथम गाडी पूर्ण रिकामी करावी. मॅट, डिकीतले सामान, स्टेपनीवरचे आच्छादन, सीटखाली गेलेल्या बाटल्या, सगळे बाहेर काढावे. त्यानंतर खालच्या कार्पेटवर कोरडे सुती फडके ठेवून ते तळहाताने जोरात दाबावे, कारण कार्पेट वरून हाताला कोरडे लागले तरी त्याखालचा फोमचा थर पाणी बराच काळ धरून ठेवतो. फडके ओले झाले, तर नुसते वाळवून भागत नाही. पाणी आले कुठून, याचा शोध घ्यावाच लागतो. डॅशबोर्डच्या खाली, पाय ठेवतो त्या जागी ओल असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता असते. एसी काही वेळ चालल्यावर, विशेषतः दमट हवेत, गाडीखाली पाणी ठिबकणे हे या नळीचे आरोग्य ठीक असल्याचे लक्षण आहे.

दुसरी जागा म्हणजे समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली असलेली जाळी. तिथे पडलेली पाने कुजून त्यांचा काळा चिखल होतो, तो पाणी निघून जाण्याची वाट बंद करतो आणि साचलेले पाणी कधी कधी ब्लोअरच्या मार्गाने आत येते. हा चिखल पाण्याच्या जोराने आत ढकलू नये, तर हाताने आणि व्हॅक्यूमने बाहेर काढावा. दारांचेही तसेच आहे. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचे पाणी दारात शिरणारच, हे गृहीत धरूनच दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. दार उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवले की ती सापडतात. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने ती हलकेच मोकळी केली की आधी गढूळ पाणी येते आणि मग बारीक रेतीचा गाळ सुटतो. लोखंडी तार मात्र वापरू नये, कारण तिने रंगावर ओरखडा पडला तर गंजाला नवी जागा मिळते. छताला सनरूफ असेल, तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या वाटाही याच वेळी पाहून घ्याव्यात.

एसी सुरू करताच कुबट वास येत असेल, तर सुगंधी फवारा हा त्यावरचा उपाय नव्हे. आतल्या थंड जाळीवर ओल राहते, तिच्यावर बुरशी वाढते आणि वास तिथूनच येतो. केबिन फिल्टर अनेक गाड्यांमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो; तो काढून पाहावा आणि काळवंडलेला किंवा दमट असेल तर बदलावा. प्रवास संपण्याआधी काही मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवण्याची सवय लावली, तर ही जाळी कोरडी राहण्यास मोठी मदत होते.

सीटबेल्टकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मळलेला पट्टा जड होऊन सावकाश आत जातो, म्हणून तो शेवटपर्यंत बाहेर ओढून, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच राहू द्यावा. ब्लीच अजिबात वापरू नये; त्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. स्टिअरिंग आणि पेडलवर चकाकी आणणारा कोणताही द्रव लावू नये, कारण तिथे हातापायांची पकड महत्त्वाची असते.

बाहेरच्या कामात चाके आधी घ्यावीत, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या भागावर उडत नाहीत. मडगार्डच्या आतल्या कडेवर चिखलाचा थर बसलेला असतो आणि तो ओल धरून ठेवतो. तिथे पाणी मारून थांबू नये, हात घालून तो खरवडून काढावा. मग गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, वरून खाली धुवावी. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो, त्यामुळे कोरडी धूळ फडक्याने पुसणे ही मला सर्वांत घातक सवय वाटते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, मायक्रोफायबरचे फडके प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळखळून, सरळ रेषेत हात फिरवावा. भांडी घासण्याचा साबण वॅक्सचा थर काढून टाकतो, म्हणून तो टाळावा. पक्ष्यांची विष्ठा खरवडण्याऐवजी तिच्यावर ओले फडके थोडा वेळ ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी.

पाणी अंगावरच वाळू दिले तर त्यातील क्षारांचे पांढरे डाग पडतात, त्यामुळे गाडी लगेच टिपून घ्यावी. काचांना फिल्म लावलेली असेल, तर अमोनिया असलेला क्लीनर चालत नाही. दारांच्या रबरांना सिलिकॉनचा हलका हात द्यावा. ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. वॅक्स सर्वांत शेवटी, आणि तेही वेळ उरला तरच.

धुतलेली गाडी लगेच झाकून ठेवू नये. ब्रेकच्या डिस्क ओल्या असताना गाडी उभी राहिली, तर त्यांच्यावर लालसर गंज चढतो. म्हणून थोडे अंतर गाडी सावकाश चालवून, ब्रेक अधूनमधून हलकेच दाबून डिस्क कोरड्या कराव्यात. परत आल्यावर चारही दारे आणि डिकी उघडी टाकून आत वारा खेळू द्यावा, आणि मॅट पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावरच ते जागेवर बसवावेत.