तुम्ही विचारलंत म्हणून : भेंडीचं पाणी

"तुझी पीएचडी भेंडीच्या बुळबुळीवर ना? मग रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी सकाळी प्यावं का? अँटीऑक्सिडंट असतात म्हणे." लग्नात, लिफ्टमध्ये, आईच्या भिशीत हेच. मी "सांगता येत नाही" म्हणते आणि लोकांना वाटतं, टाळतेय. टाळत नाही.

भेंडीची तार म्हणजे पेक्टिनच्या जातीचं पॉलिसॅकराइड, शर्करेच्या रेणूंची लांब साखळी. गरम पाण्यात उतरवायचं, गाळायचं, वर चौपट अल्कोहोल ओतायचं. धाग्यांचा गोळा खाली बसतो. तो वाळवून मी डीपीपीएच चाचणी केली. हे जांभळं द्रावण अँटीऑक्सिडंटमुळे पिवळं पडतं. माझं पडलं. त्यावर पेपर झाला, शीर्षकात 'पॉलिसॅकराइड' हा शब्द ठसठशीत.

पुढे एका परीक्षकांनी विचारलं, "फिनॉल काढून टाकले होते का?" फिनॉल म्हणजे वनस्पतींतले छोटे रेणू, तेही अँटीऑक्सिडंट. भेंडीच्या बियांत क्वेरसेटिन या अशाच फिनॉलची संयुगं असतात, हे मला माहीत होतं. पावडर तपकिरी होती, तेही दिसत होतं. तरी पुढे गेले होते.

मग सगळं पहिल्यापासून. चिरलेली भेंडी ८० टक्के अल्कोहोलने चार वेळा धुतली. मग अर्क, क्लोरोफॉर्म-ब्यूटेनॉलने प्रथिनं बाहेर, छोटे रेणू पडद्यातून निघून जावेत म्हणून तीन दिवस डायलिसिस, शेवटी रेणू वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम. पाच महिन्यांनी हाती आली कापसासारखी पांढरी, चिमूटभर पावडर. त्या संध्याकाळी पुन्हा डीपीपीएच. तुलनेसाठी ठेवलेली क जीवनसत्त्वाची नळी लगेच पिवळी झाली. माझ्या नळ्या अर्ध्या तासानंतरही जांभळ्याच. पावडर वाढवली तर द्रावण गढूळ झालं, कारण डीपीपीएच मिथेनॉलमध्ये असतं आणि अल्कोहोलात पॉलिसॅकराइड साका धरतं. गढूळ नळीचं ५१७ नॅनोमीटरवरचं रीडिंग कशाचं धरायचं? पाण्यात चालणारी एबीटीएस चाचणी लावली. रंग जेमतेम उतरला.

मग टाकाऊ द्रावणांच्या बाटल्यांतून भेंडी धुतलेलं अल्कोहोल काढलं आणि डीपीपीएचमध्ये त्याचा एक थेंब टाकला. मिनिटभरात पिवळं. मी खूप वेळ त्या नळीकडे बघत उभी होते. घरी फोन केला नाही.

मी खोटं लिहिलं नव्हतं. आकडे खरे होते, श्रेय चुकीच्या रेणूला दिलं. पण तेव्हाची मी अजून भांडते : ताटातली भेंडी कोण कॉलममधून काढतं? काही फिनॉल साखळीला इतके घट्ट चिकटलेले असतात की धुऊनही सुटत नाहीत, मग ते वेगळे का मोजायचे? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. तिला माझं पटत नाही : नळी म्हणजे शरीर नव्हे. ही लांब साखळी लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही अन्नाच्या अँटीऑक्सिडंट क्षमतेची ओरॅक यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली.

तेव्हा भेंडीचं पाणी आवडत असेल तर प्या, मधुमेहाच्या गोळ्या बंद करून मात्र नको. पेपरच्या शीर्षकातला तो शब्द बदलायला दुरुस्ती पाठवावी असं मला वाटतं. गाइड मॅडमना वाटतं, 'अशुद्ध' एवढं आधी लावलं की पुरे. मसुदा तसाच पडून आहे.