ॲप्रनचा ‘न’ कुठे गळला?

स्वयंपाक करताना पुढे बांधायचं कापड असो की मेडिकलच्या मुलांचा पांढरा कोट, आपल्याकडे दोन्हीला ॲप्रनच म्हणतात. इंग्रजीत मात्र हा शब्द आला तो ‘नॅप्रन’ म्हणून, 14व्या शतकात. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नाप’ म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड. त्याचंच लघुरूप इंग्रजांनी उचललं. आता ‘अ नॅप्रन’ भरभर म्हणून बघा. कानाला ते ‘ॲन ॲप्रन’च वाटतं. ऐकून लिहिणाऱ्यांनी ‘न’ मागच्या शब्दाला जोडून टाकला आणि 15व्या शतकापासून नुसता ॲप्रन दिसू लागला.

अशा व्युत्पत्त्या ऐकायला छान असतात, म्हणूनच तपासून घ्याव्यात. आधी तारखा: ‘न’वालं रूप जुन्या लेखनात खरोखर सापडतं का? मग सख्खी-चुलत भावंडं. लहानपणा दाखवणारा ‘किन’ प्रत्यय लागलेला नॅपकिन याच ‘नाप’चा, आणि त्याचा ‘न’ शाबूत आहे. म्हणजे ही गळती नियमाने होत नाही, एखाद्याच शब्दाला गाठते. ‘ॲडर’ या सापाचंही तेच: जुन्या इंग्रजीत ‘नॅड्रे’, आणि जर्मनमध्ये आजही ‘नाटर’. क्रिकेटचा अंपायर मुळात ‘नूंपर’, दोघांच्या जोडीत नसलेला तिसरा. उलटा प्रकारही होतो. ‘ॲन एकनेम’, म्हणजे जादाचं नाव, त्यातला ‘न’ पुढे सरकून निकनेम झालं.

बहुतेकजण फसतात ते ऑरेंजपाशी. संस्कृत नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा. म्हणून ऑरेंजचा ‘न’ही इंग्रजीच्या ‘अ-ॲन’ने खाल्ला असं ठोकून दिलं जातं. पण शब्द इंग्रजीत पोचला तो फ्रेंच ‘ओरेंज’वरून, ‘न’ आधीच गमावून. शब्द कोणत्या वाटेने आला हे न पाहता नुसती दोन टोकं जुळवली की हे असं होतं.

राहता राहिला ‘नाप’. तो लॅटिन ‘माप्पा’चा, म्हणजे हात पुसायच्या रुमालाचा. ‘म’चा ‘न’ कसा झाला, ही शंका रास्त आहे. पण फ्रेंचने लॅटिन ‘माट्टा’चंही ‘नात’ केलंय. दोन्हींचा अर्थ चटई. जोडीला असा दुसरा दाखला असल्याशिवाय एकट्यादुकट्या अक्षरबदलावर विश्वास ठेवू नये. याच माप्पाचा, कापडावर काढलेल्या जगाच्या नकाशावरून, इंग्रजी मॅप झाला. आणि माप्पा तरी रोमनांचा कुठे? पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन सांगतो की या शब्दावर कार्थेजवाले, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले रोमचे जुने शत्रू, हक्क सांगतात.