आमची वाटचाल: टेबलाखालच्या डब्यापासून

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ओळख पटल्याशिवाय कुठलंही मशीन शिरू नये, याची व्यवस्था आम्ही लावतो. आमच्या फर्मचा जन्म एका टेबलाखाली झाला, असं माझा भागीदार अजूनही चिडवतो. त्यात फारसं खोटं नाही. तेव्हा आम्ही दोघं फक्त केबलिंगची कामं घ्यायचो. रॅक बसवायचा, पॅच पॅनेल पंच करायचं, आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचे प्लग) क्रिंप करायचे, टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले की बिल देऊन निघायचं. त्या तारांमधून पुढे काय वाहतं याच्याशी आम्हाला देणंघेणं नसायचं.

एके दिवशी एका ऑफिसातून फोन आला. अर्ध्या लोकांचं नेट चालू, अर्ध्यांचं बंद, आणि पुढचा नंबर कुणाचा याला काही धरबंद नाही. बंद पडलेल्या पीसीवर आयपी (नेटवर्कनं दिलेला पत्ता) बघितला तर १९२.१६८.१ पासून सुरू होणारा. त्या ऑफिसात ती रेंजच नव्हती. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कोणीतरी आत येऊन बसला होता. त्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणावर कंपनीनं घातलेला क्रमांक) काढला, तो स्विचच्या (सगळ्या केबली जोडणाऱ्या डब्याच्या) कुठल्या पोर्टवर दिसतो ते पाहिलं, तिथून पुढच्या स्विचवर, तिथून मीटिंग रूमच्या भिंतीतल्या सॉकेटवर. टेबलाखाली शिरलो. धुळीत एक घरगुती वायफाय राउटर हिरवा दिवा लुकलुकवत पडला होता. कोपऱ्यात सिग्नल येत नाही म्हणून एका कर्मचाऱ्यानं घरून आणून लावलेला. मनात वाईट काही नाही.

राउटर काढला, स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या उपकरणानं पत्ते वाटले तर अडवणारी सोय) चालू केलं, निघालो. दारात मालकांनी थांबवलं. "कुणी लावला ते सोडा. लावल्यावर तो चालला कसा? भिंतीत कोणीही काहीही खुपसलं तरी आपलं नेटवर्क त्याला घरात घेतं?" हो म्हणताना जीभ जड झाली, कारण ती सॉकेटं आम्हीच बसवली होती.

त्यावर आम्ही काढलेला पहिला उपाय आज आठवला की हसू येतं. प्रत्येक मशीनचा मॅक ॲड्रेस एक्सेलमध्ये उतरवायचा, स्विचच्या प्रत्येक पोर्टवर तेवढाच चालू द्यायचा. वर्षभर हेच विकलं, आणि ऐटीत विकलं. मग आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीनं एका दुपारी प्रिंटर उलटा केला, मागच्या स्टिकरवरचा मॅक वाचला, आपल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तो टाकला आणि प्रिंटरची केबल लॅपटॉपला लावली. "दादा, मी आता प्रिंटर आहे," म्हणाली. जेमतेम एक मिनिट लागलं. मॅक म्हणजे ४८ बिटांचा आकडा, त्यातले पहिले २४ आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं कंपनीला नेमून दिलेले, बाकीचे कंपनीनं घातलेले. छातीवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी ती. दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या छातीवर लावायला कोण अडवणार?

उरलीसुरली यादी फोनांनी निकालात काढली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि २०२० मध्ये आयओएस १४ आल्यावर फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक द्यायचाच बंद झाला, बनावट देऊ लागला. (ओळखायची खूण: अंक-अक्षरांत लिहिलेल्या मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक सहसा कंपनीनं दिलेला नसतो.) वापरणाऱ्याच्या खासगीपणासाठी ते योग्यच होतं. आमच्या एक्सेलचं मात्र वाटोळं झालं.

तोवर आम्ही ८०२.१एक्सकडे, म्हणजे ओळख पटवूनच मशीनला नेटवर्कमध्ये घेण्याच्या पद्धतीकडे, वळलो होतो. हे मानक २००१ सालचं, म्हणजे आमच्या फर्मपेक्षा जुनं. पण लहान ऑफिसांत कोणी त्याच्या वाटेला जात नव्हतं. रचना साधी आहे. केबल लागली तरी स्विच पोर्ट उघडत नाही, फक्त ओळखीपुरतं बोलणं पुढे सोडतो. मशीन आपलं ओळखपत्र दाखवतं. स्विच स्वतः काही ठरवत नाही. तो ते मागे रेडियस सर्व्हरकडे (ओळख तपासून होकार-नकार देणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवतो, आणि होकार आला तरच पोर्ट खुला होतो. होकाराबरोबर व्हीलॅनचा (त्याच नेटवर्कमधल्या वेगळ्या कप्प्याचा) नंबरही येतो, त्यामुळे हिशोबाचं मशीन हिशोबाच्या व्हीलॅनमध्ये आणि पाहुण्याचं पाहुण्यांच्या, मग ते कुठल्याही सॉकेटला लावा. सर्व्हरसाठी आम्ही फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, आणि चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते लॉगमध्ये सांगतं. ते वाचायची चिकाटी मात्र लागते.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही शेण खाल्लं. शनिवार-रविवार बसून सगळे स्विच कडक करून टाकले, स्वतःच्या आणि साहेबांच्या लॅपटॉपवर तपासलं, खूश होऊन घरी. सोमवारी सकाळी आयपी फोन मुके, प्रिंटर गप्प, हजेरीचं मशीन बंद, आणि त्यामुळे दारात माणसांची रांग. यातल्या एकालाही ८०२.१एक्सची भाषा येत नव्हती किंवा आम्ही ती शिकवली नव्हती. दुपारपर्यंत सगळं सोडून द्यावं लागलं. त्या दिवसाचे पैसे आम्ही लावले नाहीत.

तेव्हापासून एक पद्धत पडली ती आजतागायत. आधी काही आठवडे स्विच फक्त विचारतो, अडवत नाही. कोण उत्तर देतं, कोण नाही, ते लॉगमध्ये साठत जातं. मग ती यादी घेऊन मजल्यावर फिरायचं, एकेका नावापुढे बोट ठेवत. ग्राहकाच्या यादीपेक्षा खरी यादी लांब निघाली नाही असं एकदाही झालेलं नाही. बंद कपाटात चालू असलेला जुना सर्व्हर, लिफ्टच्या कंट्रोलरला जोडलेली केबल, नोकरी सोडून गेलेल्याच्या टेबलावरचा छोटा स्विच आणि त्याला लावलेल्या चार गोष्टी. कुणाची म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ यात जातो, आणि कोटेशनमध्ये याच ओळीवर सगळ्यात जास्त घासाघीस होते. "यादी तर आम्ही देतोच ना," असं म्हणतात. द्या, आम्ही ती नम्रपणे बाजूला ठेवतो.

ओळखपत्र म्हणून सुरुवातीला विंडोजचा युजरनेम-पासवर्डच वापरायचो, म्हणजे बाहेरून पीईएपी आणि आत एमएसचॅप-व्ही२ या पासवर्ड तपासायच्या पद्धती. बसवायला सोपं. पण या एमएसचॅपची फोड शेवटी डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीची एकच किल्ली शोधण्यावर येते आणि ती एका दिवसाच्या आत सापडते, हे २०१२ सालीच जाहीर दाखवलं गेलं होतं. बाहेरचा टीएलएसचा (सांकेतिक जोडणीचा) बोगदा त्याला झाकतो खरा, पण सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, दाखवून फोननं "या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का?" विचारलं की माणूस न वाचता हो दाबतो, आणि खोट्या ॲक्सेस पॉइंटवाल्याला (बनावट वायफाय लावून बसलेल्याला) तेवढंच हवं असतं. आम्हीही रेटत राहिलो. पुढे विंडोज ११ च्या २२एच२ या अपडेटमध्ये एंटरप्राइझ आवृत्तीवर क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची माहिती वेगळी जपणारी सोय) आपोआप चालू झालं, लॉगिनचा पासवर्ड परस्पर वापरणं बंद पडलं आणि आमचे फोन खणखणू लागले. तेव्हा कुठे सगळ्यांना ईएपी-टीएलएसवर, म्हणजे पासवर्डऐवजी मशीनच्या स्वतःच्या सर्टिफिकेटवर नेलं. प्रत्येक मशीनची किल्ली त्याच्याच टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये, बाहेर काढता न येणारी. आता प्रिंटर उलटा करून फारसं काही मिळत नाही.

सर्टिफिकेटची दुखणी वेगळी. रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट एका ठिकाणी आम्ही एक वर्षाचं केलं आणि विसरलो. मुदत संपल्या दिवशी एकही मशीन आत येईना. नवीन सर्टिफिकेट सर्व्हरवर टाकलं, पण ते वेगळ्या रूटचं (ज्यावर मशीननं विश्वास ठेवायचा त्या मूळ सर्टिफिकेटचं), आणि तो रूट मशीनांपर्यंत पोहोचवायला नेटवर्क हवं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. दोघांनी पेन ड्राइव्ह घेऊन अख्खी इमारत पालथी घातली.

दुसरा किस्सा मला जास्त आवडतो. एक डेस्कटॉप रोज सकाळी नेटवर्कला नकार द्यायचा, सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणायचा. तारीख दुरुस्त केली की दिवसभर सुरळीत, उद्या पुन्हा तेच. आम्ही ड्रायव्हर बदलला, पॅच कॉर्ड बदलली, पोर्ट बदलला. शेवटी संध्याकाळी तिथेच थांबलो, तर ते टेबल वापरणारे काका निघताना भिंतीवरचं बटण बंद करून गेले. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेली होती. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे. तारीख चुकीची म्हणून नेटवर्क नाही, आणि नेटवर्क नाही म्हणून तारीख दुरुस्त व्हायची सोय नाही. बटणाएवढ्या सेलनं प्रश्न मिटला. आता बॅगेत चार सेल कायम असतात.

काही उपकरणांना सर्टिफिकेट कधीच देता येत नाही. जुने प्रिंटर, कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे). त्यांना नाइलाजानं मॅकवरच ओळखतो, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडून. कॅमेऱ्यानं फक्त रेकॉर्डरशी बोलायचं, इंटरनेटवर जायचं नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामनं कंपनीचे मूळचे साठएक युजरनेम-पासवर्ड घेऊन जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. तेव्हापासून नवीन कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलल्याशिवाय आमचा माणूस शिडीवरून उतरत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये ब्लास्ट-रेडियस हा रेडियसमधला दोष बाहेर आला, तेव्हाही घोर याच मंडळींचा होता. संदेश बदलला नाही ना ते तपासायच्या एमडी५ या जुन्या पद्धतीच्या कमजोरीमुळे स्विच आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला माणूस नकाराचा होकार करू शकत होता. सर्टिफिकेटवाले ईएपीमुळे सुटले, मॅकवाले अडकले. दोन आठवडे आम्ही पॅच लावत आणि मेसेज-ऑथेंटिकेटर (संदेश खरा असल्याचा शिक्का) सक्तीचा करत फिरत होतो.

एक भोक मी ग्राहकाला आधीच सांगतो. ओळख पटलेल्या मशीनच्या आणि भिंतीच्या मध्ये कोणी हब (एकच केबल अनेकांत वाटणारा डबा) लावला, तर त्याच मशीनचा मॅक घेऊन मागून शिरता येतं. त्यावर मॅकसेक (केबलवरचं बोलणं सांकेतिक करणारी पद्धत) आहे, पण दोन्ही टोकांना ते चालणारं हार्डवेअर लागतं आणि लहान ऑफिसात ते क्वचित असतं. हे ऐकून काम दुसऱ्याला दिलेले ग्राहकही आहेत.

आज आम्ही सहा जण आहोत. प्रिंटरवाली मुलगी आता तपासणीचं काम सांभाळते, आणि प्रत्येक नव्या ग्राहकाकडून एक कागद सही करून घेते: रेडियस सर्व्हर बंद पडला तर दारं उघडी ठेवायची की बंद. याचं उत्तर आम्ही देत नाही. मालक बहुतेक वेळा पेन हातात धरून बराच वेळ बसतात, मग हजेरीच्या मशीनचं काय होईल असं विचारतात.

ऑफिसच्या भिंतीवर एक कागदी कॅलेंडर आहे. सॉफ्टवेअर आठवण करतंच, तरी प्रत्येक ग्राहकाच्या सर्टिफिकेटची मुदत संपायच्या साठ दिवस आधीच्या तारखेला भागीदार लाल गोल करतो. या महिन्यात तीन गोल आहेत. त्यातला एक आमच्या स्वतःच्या सर्व्हरचा.