तुम्ही विचारलेत म्हणून : अ‍ॅडमसनच्या गिटारीतली बॅगपाइप

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्यांपैकी कुणाला ना कुणाला ‘बिग कंट्री’ हा बँड कधीतरी सापडतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो : सर, गिटार अशी बॅगपाइपसारखी वाजावी म्हणून यांनी कोणते पेडल, म्हणजे गिटारीचा नाद बदलणारे पायाखालचे यंत्र, वापरले? तुम्हीही तेच विचारलेत. यंत्राचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे आणि पुष्कळ वर्षे मी तेच करत आलो. पण ते उत्तर अर्धेच आहे, कारण ज्या हाताने हा नाद घडवला तो स्टुअर्ट अ‍ॅडमसनचा हात ‘स्किड्स’ नावाच्या पंक, म्हणजे साध्या, वेगवान आणि आक्रमक रॉकच्या बँडमध्ये आधीच तयार झालेला होता.

अ‍ॅडमसनचा जन्म 1958 मध्ये मँचेस्टरला झाला असला, तरी तो वाढला स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात, क्रॉसगेट्स नावाच्या खाणकामगारांच्या गावात. जवळच्याच डनफर्मलिनमध्ये 1977 साली स्किड्स उभा राहिला, तेव्हा गायक रिचर्ड जॉबसन जेमतेम सोळा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ‘नो बॅड’ या गावातल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. तिच्यातले ‘चार्ल्स’ हे गाणे अ‍ॅडमसनचे. कारखान्यात राबता राबता स्वतःच यंत्र होऊन बसलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने ती रेकॉर्ड वाजवली आणि लवकरच व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केले.

1979 मध्ये ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलेले स्किड्सचे ‘इंटू द व्हॅली’ तुम्ही आधी ऐका. जॉबसनचे शब्द भल्याभल्या इंग्रजांनाही कळत नाहीत. पुढे मॅक्सेल कंपनीने आपल्या कॅसेटच्या जाहिरातीत नेमकी याचीच थट्टा केली. तरीही डनफर्मलिन अ‍ॅथलेटिकचे फुटबॉलपटू मैदानात उतरताना हेच गाणे लागत आले आहे. शब्द न कळता गर्दी जे उचलते ती चालच असते आणि इथे ती चाल गिटार अंगाखांद्यावर घेऊन चालते. त्या काळचे बहुतेक पंक गिटारवाले तीन कॉर्ड्स (एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ) जीव तोडून बडवत असत, त्यात वाईट काही नाही. अ‍ॅडमसन मात्र सुरावट वाजवत होता.

आता बॅगपाइपकडे वळू. स्कॉटिश बॅगपाइपमध्ये चाल वाजवणाऱ्या नळीखेरीज तीन नळ्या एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात, जसा सनईवाल्याच्या शेजारी बसलेला साथीदार सूर देत राहतो. पिशवीतली हवा सतत वाहत असल्यामुळे वादकाला नाद मध्येच तोडता येत नाही. म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा झाला, तर मध्ये एक निसटता कणस्वर मारावा लागतो. अखंड षड्ज आणि कणस्वर, हे दोन्ही गिटारीवर यंत्राशिवाय येते. पेडल काढून ठेवा, चौथी तार मोकळी वाजू द्या आणि तिच्यासोबतच तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारीच्या दांडीवरची आडवी पट्टी), म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकापासून, एखादी सोपी चाल वाजवा. दर वेळी पिक, म्हणजे तार छेडायची चकती, न मारता मधले स्वर डाव्या हाताच्या बोटांनीच ठोकून आणि ओढून काढा. दहा मिनिटांत खोलीत फाइफ नाही आले, तरी त्या दिशेचा वारा नक्की येईल.

स्किड्समध्ये अ‍ॅडमसनचे बस्तान कधीच नीट बसले नाही. पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण पुरे होण्याआधीच तो निघून गेला, परत आला, आणि 1980 चा ‘द अ‍ॅब्सोल्यूट गेम’ नवव्या क्रमांकावर पोचल्यानंतर 1981 मध्ये त्याने बँड कायमचा सोडला. माझ्या मते बँडचा सर्वांत भरीव अल्बम हाच. मग डनफर्मलिनच्याच परिसरातल्या ब्रूस वॉटसनला बरोबर घेऊन त्याने बिग कंट्री उभा केला आणि 1983 च्या ‘द क्रॉसिंग’ या अल्बममध्ये तुमचे ते यंत्र आले : एमएक्सआर कंपनीचा पिच ट्रान्सपोझर. वाजवलेल्या स्वराला तो दुसऱ्या उंचीवरचा जोडीदार देतो. त्याच्या जोडीला ई-बो होता. हातात धरायचे हे छोटे उपकरण चुंबकीय क्षेत्राने तार कंपत ठेवते, त्यामुळे स्वर विझत नाही. या दोहोंनी हातात असलेलीच गोष्ट मोठी केली, इतकेच. शिवाय आता गिटारी दोन होत्या, त्यामुळे एकीने सूर धरला की दुसरीला मोकळे फिरता येई.

अ‍ॅडमसन डिसेंबर 2001 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. 2006 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सचे स्टेडियम पुन्हा उघडले, तेव्हा यू2 आणि ग्रीन डे या दोन बँडनी मिळून तिथे स्किड्सचे ‘द सेंट्स आर कमिंग’ वाजवले. मूळचे 1978 चे गाणे तेव्हा 48 व्या क्रमांकाच्या वर गेले नव्हते.

त्या पेडलचे नाव तुम्हाला हवे होते, ते वर आले आहे. दुकानात मात्र विचारू नका. ते यंत्र बनणे केव्हाच बंद झाले.