होडीचं विमान बुडतं कसं?

मला जुन्या विमानांचं वेड आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "फ्लाइंग बोट म्हणजे पाण्यावरच उतरणारं विमान ना? मग समुद्रात ते बुडेल कशाला?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून 'कॅव्हेलियर'ची हकीकत सांगतो.

इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची ही चार इंजिनांची फ्लाइंग बोट. हिच्याच जातीची विमानं तेव्हा टपाल घेऊन ग्वाल्हेरजवळच्या तलावावर उतरत. कॅव्हेलियर मात्र न्यूयॉर्क-बर्म्युडा मार्गावर होती.

२१ जानेवारी १९३९ रोजी ती बर्म्युडाला निघाली. आत आठ प्रवासी, पाच कर्मचारी. वाटेत खराब हवेत इंजिनं दम टाकू लागली. तुटलं-फुटलं काहीच नव्हतं, कार्बुरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तिथे, बर्फ धरला होता. माठातलं पाणी बाष्प उडाल्याने गार होतं ना, तसंच इथेही. पेट्रोलची वाफ होताना आत शिरणारी हवा इतकी थंड पडते की तिच्यातला ओलावा गोठून बसतो आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. बाहेर बर्फ पडत असायलाच हवा असंही नाही. मला वाटतं, हा सगळ्यात लबाड बिघाड. पेट्रोल भरपूर, इंजिन धडधाकट, आणि तरी विमान खाली येतंय!

आता तुमचा प्रश्न. या विमानांना लागायचं ते तलावाचं, बंदरातलं शांत पाणी. भर अटलांटिकच्या लाटेवर त्या वेगाने आदळलं की पाणी दगडासारखं लागतं, आणि विमानाचा तळ म्हणजे शेवटी पातळ पत्राच. तो फुटला. वायरलेसवर 'बुडतोय' एवढा निरोप गेला आणि सुमारे पंधरा मिनिटांत विमान पाण्याखाली गेलं.

आपटण्यातून बहुतेक सगळे वाचले होते. पुढचे दहा तास ते मोजक्या लाइफबेल्टांना धरून, एकमेकांना सावरत तरंगत राहिले. मधेच म्हणे गाणीही म्हणत होते. रात्री 'एसो बेटाउन' हे तेलवाहू जहाज तिथे पोचलं आणि अंधारात त्याने दहा जणांना वर घेतलं. दोन प्रवासी आणि स्टुअर्ड मात्र तोवर गेले होते.