वाहाकात मोले खायला जाताय? घड्याळ बघून जा

आधी उच्चार. मेक्सिकोतल्या या शहराचं स्पेलिंग (Oaxaca) बघून आपण ओआक्साका वगैरे म्हणतो, पण ते वाहाका आहे, आम्ही ह्यूस्टनच्या एअरपोर्टवरच चुकीचं बोलून हसं करून घेतलं. मी, नवरा आणि पुण्याहून आलेली आई, असे तिघं फेब्रुवारीत चार दिवस गेलो होतो, मुख्य उद्देश खाणं, त्यातही मोले, म्हणजे मिरच्या-मसाले वाटून केलेला इथला दाट रस्सा, बाकी मोन्ते अल्बानचे अवशेष वगैरे मधल्या वेळात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी निघायच्या आधी एकदा नियम बघून घ्या.

पहिल्या दिवशी आम्ही रात्री आठला ऐटीत एका घरगुती खानावळीपाशी पोचलो आणि शटर बंद. इथलं मुख्य जेवण दुपारचं, साधारण 2 ते 5, आणि मोलेसारखे पदार्थ तेव्हाच खायचे, रात्री चुली विझलेल्या असतात. त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत आईचे खाकरे.

दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा तिथेच. सात-आठ टेबलं, मेनू फळ्यावर. मी मोले नेग्रो मागवलं, चिकनवर ओतलेला काळाकुट्ट, चकचकीत रस्सा. याला चॉकलेटची ग्रेव्ही म्हणणाऱ्यांनी बहुतेक तो खाल्लेला नसतो, चॉकलेट अगदी थोडं, खरा जीव मिरचीत. चिलवाक्ले नावाची इथली खास मिरची, ती काळी ठिक्कर पडेपर्यंत भाजतात, तिच्या बियासुद्धा जाळतात, मग तीळ, बदाम, मनुका, लवंग, दालचिनी, पिकलेलं केळं असं काय काय वाटून तासन् तास शिजवतात. आधी थोडं गोड लागतं, मग कडवट, आणि तिखट अगदी शेवटी घशाशी. आईने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला काळा मसाला! पण मिरची एवढी जाळली असती ना, तर सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं असतं." कोपऱ्यात चक्क पाटा-वरवंटा होता, त्याला मेताते म्हणतात, फक्त पाट्याला तीन पाय आणि तो उतरता. मिरची याच मुलुखातून पोर्तुगीजांबरोबर गोव्याला आली हे शाळेत पाठ केलेलं, पण ते त्या वासाने पटलं.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण आईमुळे हे सगळं शिकावं लागलं. मोलेत बहुतेक वेळा चिकनचा स्टॉक असतो, त्यामुळे 'चिकन काढून नुसता रस्सा द्या' म्हणून काही उपयोग नाही. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, तिला मान्तेका म्हणतात, 'सिन मान्तेका' पाठ करूनच जा, सिन म्हणजे शिवाय. रात्री मिळणारी त्लायुदा, म्हणजे ताटापेक्षा मोठी कडक मक्याची भाकरी, तिच्यावर आधी आसिएन्तो नावाचा चरबीचा थर फासतात. आईने दोन घास खाल्ल्यावर मला ते कळलं, चूक माझीच, विचारलंच नव्हतं, आणि नंतरचा एक तास कसा गेला ते विचारू नका. मग दुसरी मागवली, 'सिन आसिएन्तो', त्यात केसियो म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं चीज आणि अवोकाडो, ती तिने एकटीने संपवली. मक्याचं पीठही आपल्यासारखं नाही, दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, भाकरीचा तो वेगळा वास त्याचा. प्यायला हमाइकाचं सरबत घ्या, ती आपली लाल अंबाडी.

मांसाहारी असाल तर 20 दे नोव्हिएम्ब्रे मार्केटातली धुराची गल्ली चुकवू नका. मांस निवडायचं, ते समोर कोळशावर भाजून देतात, भाकऱ्या, कांदे, मिरच्या वेगळ्या विकत घ्यायच्या. डोळ्यांतून पाणी येतं आणि कपड्यांना वास, चांगले कपडे घालू नका. शेजारच्या बेनितो हुआरेस मार्केटात लसूण-लिंबू लावलेले नाकतोडे, चापुलिनेस, ढिगाने असतात. ते खाल्ले की माणूस वाहाकाला परत येतो म्हणतात. नवऱ्याने मूठभर खाल्ले, मी एक, पाय दातात अडकला.

पैसे रोख ठेवा, बाजारात कार्डाचा भरवसा नाही. बिल आपणहून आणत नाहीत, 'ला क्वेन्ता' म्हणून मागावं लागतं, आम्ही पहिल्यांदा अर्धा तास नुसते बसून होतो. टिप 10 ते 15 टक्के.

परतताना मिना रस्त्यावरच्या गिरणीत कोको, बदाम, दालचिनी आणि साखर डोळ्यांदेखत दळून घेतलं. साखर कमी घाला असं आधीच सांगा, आम्ही नाही सांगितलं, आता आई रोज त्यात चिमूटभर मीठ टाकून पितेय.